कुंदाताईच्या बाजूची सीट

बोरगावच्या विहारात कुंदाताईचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. फोटोला हार घातलेला, समोर मेणबत्त्या, आणि आम्ही बायका सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेल्या. वंदना अजून संपायची होती, तेवढ्यात माझ्या बाजूच्या बाईनं पदर तोंडाशी नेला आणि हळूच म्हटलं, "चांगली होती बिचारी. पन सौंसरातलं एक घर फोडलं इनं."

मी उठले आणि जागा बदलली. पुढं जेवणाच्या पंगतीत वाढायला होते, तर तिच्या पानात भाजीसुद्धा वाढली नाही. वय झालं तरी माझा स्वभाव गेला नाही, आणि अशा वेळी तो जाऊही नये असं मला वाटतं.

कुंदाताईनं कोणाचं घर फोडलं नाही. फोडलं असतं तरी मी तिच्याच बाजूनं लिहिलं असतं, हेही आधीच सांगून ठेवते.

ती नर्स होती. पांढुर्ण्याच्या अलीकडच्या एका गावात आमची शाळा आणि शाळेच्या मागंच तिचं आरोग्य उपकेंद्र. ती बोरगावहून सौंसरला यायची, मी आणि माझ्या शाळेतलीच मास्तरीण सुनंदा, दोघी सौंसरच्याच. तिघी सकाळच्या पांढुर्णा गाडीनं अप-डाउन करायचो. कुंदाताईची काळी रेक्झिनची बॅग, कडक इस्त्रीचा पांढरा कोट आणि पायात पुरुषांसारखी जाड चप्पल. खिडकीची सीट तिची. ती कोणासाठी सोडायची नाही. "मले गाडी लागते," असं खोटं कारणही कधी दिलं नाही. "मले खिडकी आवडते," एवढंच म्हणायची.

ओळख झाली त्याच दिवशी मी तिला डब्यातली भरली वांगी दिली. तिनं घास घेतला, आधी हसली आणि मग म्हणाली, "मसाला कच्चा राहिला वो मॅडम." तिचं हे असंच असायचं. खरं बोलायच्या आधी ती हसायची, जसा एखादा माणूस दार ढकलण्याआधी कडी वाजवतो. मला असा राग आला की दोन दिवस मी तिला डबा दाखवलाच नाही. पण पुढं कधीतरी तिनं माझ्या झुणक्याला "आज जमलं" म्हटलं, आणि त्या दिवशी मी वर्गात कोणावर चिडलेच नाही. बाकीच्या बायका सगळ्यालाच "मस्त, मस्त" म्हणायच्या. त्यांच्या मस्तला चव नव्हती.

लसीच्या दिवशी आया पोरांना मांडीत आवळून धरायच्या आणि म्हणायच्या, "नाही दुखत रे बाळा, मुंगी चावते एवढंच." कुंदाताई त्यांना गप्प करायची. पोराच्या डोळ्यांत बघून सांगायची, "दुखन. पन एकच डाव. रडाचं असन त रड." पोरं रडायची, पण पुढच्या वेळी तिला बघून पळायची नाहीत. शाळेत डॉक्टर आले की बाकाखाली लपणारी आमची पोरं कुंदाताईपुढं बाही वर करून रांगेत उभी राहायची.

नवऱ्यांच्या बाबतीतही तिचा हाच कायदा होता. माझ्या घरी ती पहिल्यांदा आली, तेव्हा आमच्या ह्यांनी मला नेहमीसारखी हाक मारली, "मंगला, पाणी दे." कुंदाताई हसली. मी मनात म्हटलं, आता काही खरं नाही. "भाऊजी," ती म्हणाली, "माठ तुमच्याच बाजूले हाय न?" हे उठले आणि पाणी प्यायले. आजतागायत उठतात. त्यांना राग आला होता का, ते मी विचारलं नाही.

तिचा स्वतःचा नवराही यातून सुटला नव्हता. वसंताभाऊ ओसरीतल्या खाटेवर पडलेले असताना ती आम्हाला सांगायची, "आमचा माणूस लय आळशी हाय." आणि वसंताभाऊ न उठता म्हणायचे, "हाय बाप्पा." त्या घरात भांडण व्हायला जागाच नव्हती. "मांगून बोललं त चुगली, तोंडावर बोललं त दोस्ती," असं कुंदाताईचं म्हणणं. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा एकदा.

आता सुनंदाचं सांगते.

सुनंदा आमच्यात सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या आवाजाची. ती तिसरीच्या वर्गात पाढे म्हणून घ्यायची आणि भिंतीपलीकडं माझ्या चौथीची पोरं ते लिहून काढायची. बसमध्ये तर ती एवढी बोलायची की ड्रायव्हर म्हणायचा, "मॅडम, हॉर्न ऐकू येऊ द्या लोकाईले." तिचं लग्न सौंसरच्याच अनिलभाऊंशी झालं. घरची संत्र्याची बाग, बी-बियाण्याचं दुकान, बोलणं मधासारखं. दारू नाही, खर्रा नाही, बायकोवर हात तर लांब, आवाजसुद्धा नाही. सकाळी मोटरसायकलनं तिला स्टँडवर सोडायचे, गाडीत चढून कंडक्टरला सांगायचे, "मॅडमले शाळेच्या फाट्यावर उतरवजा." कंडक्टर रोजचा, फाटा रोजचा, मॅडम रोजची. तरी रोज सांगायचे. आम्ही बायका एकमेकींकडं बघून म्हणायचो, "किती जपते वो!"

कुंदाताई काही म्हणायची नाही. हसायचीही नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही सुनंदाच्या घरी गेलो. चहा आला. सुनंदाच्या हातात कप नव्हता. कुंदाताईनं विचारलं, "तू नाही घेत चहा?"

"तिले चहानं अ‍ॅसिडिटी होते," अनिलभाऊ दारातून म्हणाले.

"भाऊजी, मी सुनंदाले इचारलं."

सगळ्या हसल्या, अनिलभाऊही हसले. कुंदाताईनं पुन्हा विचारलं, "सुनंदा, चहा घेते काय?" सुनंदानं आधी नवऱ्याकडं पाहिलं आणि मग मान हलवली. चहासाठी जीव टाकणारी बाई ती. शाळेत मधल्या सुट्टीत तिला दोन कप लागायचे. कुंदाताईनं आपला कप तसाच खाली ठेवला.

नंतर पुष्कळ दिवस ती पाहत होती. सुनंदा तापात केंद्रात दाखवायला आली, तर "कुठं दुखते?" याचं उत्तर अनिलभाऊंनी दिलं. साडीच्या दुकानात रंग त्यांनी सांगितला. आम्ही तिला फोन केला की उचलायचे तेच, "ती कामात हाय, मले सांगा न." बसमधली बडबड कमी होत गेली. ड्रायव्हरनं हॉर्नचं बोलणं सोडलं.

पोळ्याच्या आसपासची गोष्ट. गाडी नुकतीच सौंसरातून निघाली होती. सुनंदा कुंदाताईच्या बाजूला, मी मागच्या सीटवर. कुंदाताई हसली, आणि मी पुढच्या सीटचा दांडा धरला.

"सुनंदा, एक सांगतो तुले. मले तुहा नवरा आवडत नाही."

सुनंदाला वाटलं गंमत आहे. मग तिचा चेहरा उतरला. "काहून? त्याईनं तुमचं काय बिघडवलं ताई?"

"माहं काई नाही. पेत नाही, मारत नाही, सारं मालूम हाय मले. पन तुले इचारलं का उत्तर तो देते. तुले भूक लागली का नाही, हे बी आता त्यालेच इचारा लागते."

"जपते तो मले."

"जपते. संत्र्याच्या झाडाले बी जपते. झाडाले बोलाचं नसते."

"तुम्हाले जलन होते," सुनंदा म्हणाली. आवाज फुटत होता तिचा. "तुमचा माणूस खाटेवरून उठत नाही, म्हून माह्या माणसाची जलन होते तुम्हाले."

"झाली असती त तसं सांगतलं असतं," कुंदाताई म्हणाली. "मी तुले सोड नाही म्हणत त्याले. काईच कर नाही म्हणत. मले जे दिसते ते तुह्यापासून लपवून तुह्याच डब्यातलं खाऊ काय मी?"

सुनंदा उठली आणि पुढं ड्रायव्हरजवळच्या सीटवर जाऊन बसली. घरी जाऊन तिनं सगळं सांगितलं असणार, कारण आठवडाभरात सौंसरभर झालं. नर्सबाईनं सोन्यासारख्या माणसाविरुद्ध कान भरले. "त्याईच्यातल्या बाईनं आपल्या घरात तोंड घालाव?" असंही म्हणून झालं. ज्या घरांतून हे निघालं, त्यांतल्या कितीतरी लेकींची बाळंतपणं याच बाईच्या हातची होती. तेव्हा तिचे हात चालले, तोंड तेवढं चाललं नाही.

आमच्या भागाचं मला नवल वाटतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याच्या नदीवर दोन्ही काठांवरून दगड चालतात, आणि त्याच्यामागची गोष्ट काय, तर एका पोरीनं एका पोरासोबत जायचं ठरवलं आणि ते लोकांना आवडलं नाही. दुसऱ्याची जोडी नाही आवडली तर गोटे हाणणं आम्हाला समजतं. पण कोणी मैत्रिणीच्या शेजारी बसून, शांतपणे, तिच्या तोंडावर बोललं की आमची अब्रू जाते!

त्यानंतर सुनंदा बसमध्ये आमच्याकडं बघायचीसुद्धा नाही. आणि कुंदाताई? ती बोरगावहून येऊन गाडीत आधी चढायची, खिडकीत बसायची आणि बाजूच्या सीटवर काळी बॅग ठेवायची. कोणी विचारलं तर म्हणायची, "येनार हाय." सुनंदा चढायची, समोर बघत पुढं निघून जायची. ती बसली की कुंदाताई बॅग उचलायची आणि उभ्या असलेल्या कोणालाही बोलवायची, "या, बसा." दुसऱ्या दिवशी पुन्हा बॅग. पावसाळा गेला, दिवाळी गेली, बागांमध्ये संत्री पिवळी झाली. बॅग रोज.

मी एकदा चिडून म्हटलं, "ताई, ती पाहत बी नाही तुह्याकडं. कायले ठेवते जागा?"

"तुहा नवरा नाही आवडत असं म्हनलं मी तिले," कुंदाताई म्हणाली. "तू नाही आवडत असं कवा म्हनलं?"

मग हॉस्टेलचं निघालं. पांढुर्ण्याच्या मुलींच्या हॉस्टेलला अधीक्षिका हवी होती. तिथंच राहायचं, मुलींचं सगळं बघायचं. हे काम आपल्याला मिळावं असं सुनंदा लग्नाआधीपासून म्हणायची. ती स्वतः हॉस्टेलात शिकलेली. एका शुक्रवारी मधल्या सुट्टीत आमचे हेडमास्तर सहज बोलून गेले, "सुनंदा मॅडम, अधीक्षिकेसाठी तुमचं नाव लागलं होतं, तुम्ही नाही म्हटलं म्हणे. सोमवारी दुसरं नाव पाठवा लागन."

"मी कवा नाही म्हटलं?"

"पांढुर्ण्याच्या साहेबानं फोन केला होता न. तुमच्या घरून सांगतलं, मॅडमले झेपत नाही म्हून."

सुनंदाच्या हातात खडू होता. तो तिनं टेबलावर ठेवला. "सर, दुसरं नाव पाठवू नका. सोमवारी मी स्वतः साहेबाले भेटून रुजू होते."

त्या संध्याकाळी काय झालं ते सुनंदानंच मला नंतर सांगितलं. घरी अनिलभाऊंचे काका जेवायला होते. तिनं सर्वांसमोर म्हटलं, "मी सोमवारपासून होस्टेलवर जाऊन राहिलो." अनिलभाऊ काकांकडं बघून हसले, "तिले गंमत वाटून राहिली." तेव्हा ती म्हणाली, "गंमत नाही. आन मले चहा पायजे. अ‍ॅसिडिटी मले नाही, तुम्हाले हाय." काकांच्या हातातला घास हातातच राहिला. सकाळी उठल्यापासून ती पुन्हा बोलत होती. भाजी कोणती करायची इथपासून फोन कोणाचा इथपर्यंत. सासूनं धसका घेतला. "हे आपली सुनंदा नोहे. इच्या अंगात दुसरंच कोनी बोलून राहिलं." आणि दिवस शनिवारचा. बाधा उतरवायला तिला जामसांवलीच्या मारोतीला न्यायचं ठरलं.

अनिलभाऊ लबाड असते तर हे लिहिणं सोपं गेलं असतं. तो माणूस खरंच घाबरला होता. बायकोला स्वतःचं काही म्हणायचं असेल, ही गोष्ट त्याच्या डोक्यात आलीच नाही. बाधा झाली, हे लगेच पटलं.

सुनंदानं कसाबसा आपला फोन मिळवून मला लावला. "मंगला, मले जामसांवलीले नेऊन राहिले. म्हणे माह्या अंगात कोनी शिरलं." ती हसत होती की रडत होती ते मला कळेना. मग म्हणाली, "कुंदाताईले सांग." पोळ्यानंतर तिच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं.

मी कुंदाताईला कळवलं आणि आम्ही दोघी लगेच जामसांवलीला गेलो. मी मारोतीला मानते, कुंदाताई मानायची नाही. देवळाच्या आवारात तिनं नळावर पाय धुतले आणि म्हणाली, "मी हात नाही जोडत. पन पाय धुतो, लोकाईची जागा हाय." गर्दी पुष्कळ होती. कोणी आजारी माणूस घेऊन आलेलं, कोणी नवस फेडायला. सुनंदा एका कडेला सासू आणि नवऱ्याच्या मधोमध बसली होती, केस ओले. त्यांच्या बाजूला कुठल्याशा खेड्यातली एक म्हातारी. तिच्या मांडीवर तिची तरणीताठी लेक डोकं ठेवून पडलेली, डोळे उघडे, पण कुठंच न बघणारे. आम्ही जवळ पोचलो तेव्हा म्हातारी सुनंदाला विचारत होती, "तुहं नाव काय व माय?"

"सुनंदा," अनिलभाऊ म्हणाले.

"काय होते तुले?"

"बोलते," अनिलभाऊ म्हणाले. "कालपासून सारखी बोलते. उलट बोलते."

म्हातारीनं त्यांच्याकडं मान वळवली. "बापू, तुले नाही इचारलं मी."

कुंदाताई तोंड उघडायच्या बेतात होती, ती तशीच थांबली.

म्हातारी लेकीच्या केसांतून हात फिरवत म्हणाली, "हे माही पोरगी दिवाळीपासून एक शबुद नाही बोलली. इनं आज मले शिवी जरी देल्ली, त मी सगळ्या देवळात पेढे वाटन. आन तुही बायको बोलते म्हून तू तिले इथं घेऊन आला?"

आजूबाजूचे लोक बघायला लागले. सासू पदर सावरत बसली.

"आजी, माहं नाव सुनंदा," सुनंदा म्हणाली. हळू नाही, तिसरीच्या वर्गातल्या आवाजात. "मास्तरीन हावो मी. मले काई झालं नाही. सोमवारी मी पांढुर्ण्याले जाऊन राहिलो, पोरीच्या होस्टेलवर."

तेवढ्यात अनिलभाऊंना कुंदाताई दिसली. "ताई, हे तुम्हीच भडकवलं तिले."

"भाऊजी, पोळ्यापासून ती माह्यासंग बोलली बी नाही," कुंदाताई म्हणाली. "हे तिचंच हाय सारं."

अनिलभाऊ उठून गेले. मला वाटलं निघाले रागानं. पण ते नळावरून लोटा भरून घेऊन आले आणि म्हातारीच्या लेकीजवळ ठेवला. तेवढं त्यांचंही सांगायला हवं.

सोमवारी सुनंदा हॉस्टेलवर रुजू झाली. आणि यालाच सौंसर घर फुटलं म्हणतं! अहो, कुठं फुटलं? सुट्टीत ती घरी येते, सासूच्या दुखण्याला रात्र रात्र जागली आहे. रविवारी अनिलभाऊ पांढुर्ण्याला जातात. हॉस्टेल मुलींचं, पुरुषांना आत सोडत नाहीत. फाटकावरची बाई म्हणते, "थांबा, मॅडमले इचारून येतो," आणि ते थांबतात. आधी फाटकातून ओरडायचे, आता बाहेरच्या बाकावर बसतात आणि त्या बाईला घरची संत्री देतात. माझ्या मते त्या बाकानं पुष्कळ काम केलं.

"आता त सुधरले न अनिलभाऊ?" मी कुंदाताईला विचारलं होतं.

"सुधरला. माणूस मेहनती हाय, मनानं वाईट नाही."

"मंग आता आवडतात?"

ती हसली. "नाही वो. आवड म्हंजे काय बदलीची ऑर्डर हाय, का निघाली न झालं?"

ती निवृत्त झाली तेव्हा निरोपाचा कार्यक्रम पांढुर्ण्याला होता. भाषणं झाली. एका साहेबांनी "सिस्टर सर्वांशी गोड बोलायच्या" असं म्हटलं आणि मागं बसलेल्या आयांना हसू आवरेना. कार्यक्रम संपवून आम्ही दोघी स्टँडवर आलो. पुढच्या आठवड्यात ती लेकीकडं नागपूरला राहायला जाणार होती. ती वारली तीही तिकडंच, आणि त्या दिवसानंतर मला ती भेटली नाही. म्हणून तो दिवस असा लख्ख आठवतो.

सौंसरची गाडी लागली होती. कुंदाताई खिडकीत बसली, अंगावर नवी शाल, आणि बाजूच्या सीटवर सवयीनं काळी बॅग. मी मागच्या सीटवर. तेवढ्यात खिडकीखाली सुनंदा आणि अनिलभाऊ आले. अनिलभाऊंच्या हातात संत्र्यांची पिशवी. त्यांनी ती खिडकीतून वर दिली आणि जरा घुटमळले.

"ताई, एक इचारू? आता तरी आवडतो काय मी तुम्हाले?"

कुंदाताई हसली. मला वाटलं, आज तरी हो म्हणेल. एवढा शाल-नारळ घेऊन आली आहे, तो संत्री देऊन खिडकीखाली उभा आहे, एक खोटं बोलली तर कोणाचं काय जातं?

"नाही भाऊजी," ती म्हणाली. "पन तुम्ही इचारलं, हे लय आवडलं."

ते खाली बघून हसले. गाडी सुरू झाली. आणि सुनंदा एकदम दाराकडं धावली आणि वर चढली.

"कुठं चालली?" अनिलभाऊ खालून ओरडले.

"सौंसरले! ताईले सोडून येतो संध्याकाळपर्यंत."

अनिलभाऊ दाराशी आले. कंडक्टरला म्हणाले, "मॅडमले..." आणि तिथंच थांबले. "काई नाही. जाऊ द्या गाडी."

"एक सौंसर," सुनंदानं स्वतः तिकीट घेतलं. दांडा धरत, हेलपाटत ती आमच्यापर्यंत आली आणि उभी राहिली. पुढं ड्रायव्हरजवळची सीट रिकामीच होती. तिनं तिकडं पाहिलंसुद्धा नाही.

कुंदाताईनं बॅग उचलली आणि मांडीवर घेतली.

"बस," ती म्हणाली. "पन खिडकी माही हाय."